गावच्या मैदानावर बेसबॉलचा पिचर कसा घडवावा

आंतरशालेय स्पर्धा तोंडावर आल्या की सगळ्यात जोरात दगड भिरकावणारं पोट्टं हेरलं जातं आणि तेच पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारं, होतं. पण नुसता जोर पुरत नाही. अमेरिकन पिचर नोलन रायनच्या नावावर 5,714 स्ट्राइकआउटचा (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) विक्रम आहे आणि 2,795 वॉकचाही (चार चेंडू बाहेर टाकून फलंदाजाला फुकट दिलेला पहिला बेस) त्याचाच. दुसरा अमेरिकन पिचर ग्रेग मॅडक्स, त्याचा वेग तेवढा नव्हता. तरी 1992 ते 1995 अशी सलग चार वर्षं लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला, कारण चेंडू फलंदाजाशेजारी जमिनीत बसवलेल्या होम प्लेटच्या ज्या कडेला हवा त्याच कडेला पडायचा. मोठ्या पिचरची खूण हीच : शंभरावा चेंडूही पहिल्यासारख्याच हालचालीतून सुटतो.

निवड करताना फास्ट बोलरच्या मागे लागू नका. त्याला रनअपची आणि कोपर सरळ ठेवायची सवय असते. इथे एक पाय रबरला, म्हणजे पिचरच्या पायाखालच्या पाटीला, टेकवून, कोपर वाकवून फेकायचं असतं. त्यापेक्षा बाउंड्रीवरून थेट कीपरच्या हातात सपाट थ्रो करणारा मुलगा किंवा मुलगी बघा. भालाफेक करणारेही चालतात. 2008 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केलेले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल भालाफेकपटूच होते. सॉफ्टबॉलचा पिचर मात्र खालून फेकतो, त्यामुळे त्याला हाताची सगळी चाल नव्याने शिकावी लागते.

पुढचं काम माउंडचं, म्हणजे पिचर जिथून फेकतो त्या उंचवट्याचं. आपल्या काळ्या मातीचा माउंड पावसात पायाला चिकटतो आणि उन्हाळ्यात भेगाळतो, म्हणून मुरूमच वापरा. सरावासाठी दीड मीटर रुंदीचा पट्टा पुरे, त्याला साधारण अर्धा ब्रास मुरूम लागतो. उंची 25 सेंटीमीटर ठेवा. वर 61 बाय 15 सेंटीमीटरची लाकडी पाटी माउंडच्या माथ्याच्या पातळीत गाडा. पाटीपुढे 15 सेंटीमीटर सपाट जागा सोडून उतार सुरू करा, दर 30 सेंटीमीटरला अडीच सेंटीमीटर. थर टाकत, पाणी मारत धुमसाने ठोका. पुढचा पाय पडतो तिथे लवकरच खळगा होतो. तो रोज सराव संपल्यावर ओल्या मुरमाने भरा, नाहीतर मुलाचं पाऊल खळगा चुकवत पडू लागतं आणि सगळी फेक बिघडते.

पाटीच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर 18.44 मीटर असतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना 14 मीटरच द्या. लांबून पोहोचवायच्या नादात ती चेंडू उंच उडवतात आणि तीच सवय लागते.

नेमासाठी दोन बांबू रोवून सुतळीची चौकट बांधा. रुंदी प्लेटएवढी, 43 सेंटीमीटर. खालची दोरी फलंदाजाच्या गुडघ्याच्या वाटीखाली, वरची खांदे आणि कंबरपट्टा यांच्या मधोमध. मध्ये आडवी-उभी सुतळी ओढून चार घरं करा. मागे दुहेरी बारदान सैल टांगा, म्हणजे चेंडू आदळून तिथेच पडेल. भिंतीवर मारलात तर शिवण फाटते, आणि चेंडू शंभर-दोनशे रुपयांत येत नाही.

आता पकड. तर्जनी आणि मधलं बोट घोड्याच्या नालेसारख्या शिवणीवर आडवी, अंगठा बरोबर खाली, आणि चेंडू व तळव्यात थोडी फट. हा फोर-सीम फास्टबॉल, सगळ्यात सरळ जाणारा. चेंडू तळहातात रुतला की वेग मरतो.

फेकीचा जोर पायातून येतो. गुडघा वर उचलून क्षणभर तोल धरायचा, मग उंचीच्या साधारण 80 ते 90 टक्के लांब पाऊल प्लेटच्या दिशेने टाकायचं. आधी कंबर वळते, मग खांदा, शेवटी हात येतो, गोफण सुटावी तसा. त्या वेळी कोपर खांद्याच्या रेषेत हवं. चेंडू सुटल्यावर छाती पुढच्या गुडघ्यावर झुकली पाहिजे. हात मध्येच थांबवला तर सगळा झटका खांद्यावर येतो.

चूक कुठे होते ते चेंडूच सांगतो. उजव्या हाताच्या पिचरचा चेंडू उंच आणि त्याच्या उजवीकडे जात असेल, तर डावा खांदा लवकर उघडतोय. ग्लोव्ह बाहेर न भिरकावता छातीशी ओढायला सांगा. चेंडू प्लेटआधीच मातीत पडत असेल तर तो उशिरा सुटतोय. पाऊल तिसऱ्या बेसकडे तिरकं पडत असेल तर फक्कीने सरळ रेघ मारा आणि पाय तिच्यावरच टाकायला लावा. एका वेळी एकच दुरुस्ती सांगा, तीन सांगितल्या तर एकही होत नाही.

वीसपैकी बारा-तेरा चेंडू चौकटीतून जायला लागले की चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखाच दिसणारा मंद चेंडू, शिकवा. चेंडू हातात खोल धरायचा आणि हात मात्र फास्टबॉलच्याच वेगाने फिरवायचा. पकडीमुळेच चेंडू ताशी 12 ते 15 किलोमीटरने मंद होतो. मुलं इथे हातच सावकाश फिरवतात आणि फलंदाजाला लगेच कळतं. ताशी 150 किलोमीटरचा चेंडू प्लेटवर पोहोचायला 0.4 सेकंद लागतात, एवढ्यात वेगातला फरक ओळखणं कठीणच. कर्व्हची, म्हणजे वळून खाली जाणाऱ्या चेंडूची, घाई करू नका. हे दोन चेंडू हुकमी झाल्यावर त्याचा विचार करा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त हेळसांड होते ती मोजणीची. यूएसए बेसबॉल ही अमेरिकेतली संघटना आणि तिथली व्यावसायिक मेजर लीग यांच्या पिच स्मार्ट नियमांनुसार दिवसाला 9-10 वर्षांच्या मुलाने जास्तीत जास्त 75, 11-12 च्या 85 आणि 13-14 च्या 95 चेंडू टाकावेत. चौदापर्यंतच्यांनी 21 ते 35 टाकले तर एक दिवस, 36 ते 50 ला दोन, 51 ते 65 ला तीन आणि 66 किंवा जास्त झाल्यास चार दिवस विश्रांती. म्हणून संघात किमान तीन पिचर हवेत. तालुका स्पर्धेत एकाच मुलाला दिवसभर माउंडवर उभं करणं हा त्याच्या कोपरावर सरळ अन्याय आहे.

मे महिन्यात सराव सकाळी सहाला सुरू करून आठाच्या आत संपवा. हिवाळ्यात दहिवराने चेंडू भिजतो आणि जड होतो, तो सावलीतच वाळवा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं मुलाने सांगितलं, तर मालिश करून पुन्हा उभं करू नका. तिथल्याच अस्थिबंधावर 1974 साली अमेरिकन पिचर टॉमी जॉनची शस्त्रक्रिया झाली आणि तो वर्षाहून अधिक काळ खेळू शकला नाही. फेकणं त्याच दिवशी थांबवा आणि त्याला हाडांच्या डॉक्टरकडे न्या.