दोन पाइप, एक गोटी आणि मागाचं चामडं

लेकीच्या घरामागं, जुळे सोलापुरात, कमळाचं एक टाकं आहे. 8 फूट लांब, 5 फूट रुंद, आत 2 फूट पाणी. 80 घनफूट झालं. एका घनफुटाला 28 लिटर धरा, म्हणजे सव्वादोन हजार लिटर. मे महिन्यात रोज दोन-दोन बोटं पाणी उतरायला लागलं. आपल्याकडच्या उन्हात पाणी उडतंच, म्हणून आधी खात्री केली. एक बादली काठोकाठ भरून टाक्याशेजारी उन्हात ठेवली. बादलीतलं पाणी दिवसात अर्धं बोटही उतरलं नाही, टाक्यातलं मात्र दोन बोटं गेलं. म्हणजे तडा गेला होता. जावईबापू म्हणाले, "गळतंय तर गळू दे की अण्णा, आपोआप रिकामं होईल." पण ते पाणी घराच्या पायाखाली मुरत होतं. तडा बुजवायचा तर टाकं आधी रिकामं करायला हवं होतं.

कूलरमधला छोटा पंप टाकून बघितला होता. तळाचं शेवाळ पंख्यात अडकलं, पंप गुरगुरला आणि दहा मिनिटांत जळाल्याचा वास आला. कूलरचा पंप स्वच्छ पाण्यासाठी असतो, गाळासाठी नाही. शिवाय ओल्या फरशीवर उभं राहून वायरीशी खेळणं मला पटत नाही. नळी तोंडानं ओढायचा उद्योगही मीच केला. दोन घोट पोटात गेले, त्यात गप्पी मासे नव्हते, एवढंच नशीब. तुम्ही ते करू नका.

मी पस्तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. माग बंद पडला की हाताशी असेल त्यातनं चालू करायचा, ही सवय हाडात मुरलीय. म्हणून हातपंपच केला. सामान सगळं शेतीच्या पाइपवाल्याकडं मिळतं, मला साडेपाचशे रुपये लागले.

बाहेरचा पाइप 2 इंची, 4 फूट लांब. त्याच्या बुडाला एम.टी.ए., म्हणजे बाहेरनं आटे असलेला जोड, चिकटवायचा आणि त्यावर प्लास्टिकचा 2 इंची फूटव्हॉल्व्ह फिरवायचा. आमच्या खेड्यांकडं त्याला सरळ फुटबॉल म्हणतात, दुकानात तसं मागितलं तरी देतात. तो पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही. त्याच्याभोवती कांद्याच्या पोत्याची लाल जाळी दुहेरी गुंडाळून सुतळीनं बांधा. सोलापुरात कांद्याच्या पोत्याला तोटा नाही. जाळी नसली तर कमळाची सडकी पानं पहिल्या पाच मिनिटांत व्हॉल्व्ह धरून ठेवतात.

आतला पाइप 1 इंची, साडेपाच फूट. हाच दांडा आणि पाणीही ह्याच्यातनंच वर येणार. त्याच्या बुडाला दुसरा व्हॉल्व्ह लागतो, तो मी काचेच्या गोटीचा केला. पाइपाच्या टोकाला 1 इंची एम.टी.ए. चिकटवायचा, त्याखाली आटेवालं सॉकेट येणार आणि सॉकेटच्या तळाला 1 बाय अर्धा इंचाचा रिड्युसर. गोटी त्या अर्ध्या इंचाच्या भोकावर बसते. भोकातनं खाली पडता कामा नये आणि पाइपात सैल फिरली पाहिजे. नातवाच्या डब्यातल्या तीन मोठ्या गोट्या मापून बघितल्या तेव्हा एक जमली. गोटी वर पळू नये म्हणून तिच्यापासून दोन बोटं वर पाइपात आडवा खिळा घालायचा. खिळ्याची भोकं गरम सुईनं पाडा आणि खिळा बसवल्यावर पाइप चिकटवायच्या सोल्यूशननं बुजवा, नाहीतर तिथनं हवा खाईल.

आता गोटीची बैठक. सगळा पंप ह्याच्यावर आहे. नव्या रिड्युसरच्या भोकाची कड दिसायला गोल असते, पण बोट फिरवलं की साच्याची एक बारीक रेघ लागते. त्या रेघेतनं पाणी परत गळतं. आधी बारीक पॉलिश पेपरनं कड तासली. मग चिमूटभर रांगोळीत गोडं तेल कालवलं, ते कडेला लावलं आणि गोटी अंगठ्याखाली धरून अर्धा तास गोल गोल घासली. भोकाभोवती ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्या रुंदीचं एकसारखं धुरकट कडं दिसायला लागलं की झालं. कुठं तुटक दिसलं तर अजून घासा. धुऊन पुसून गोटी बसवा, वरनं वाटीभर पाणी ओता आणि शंभर आकडे मोजा. माझं तीन थेंब गळालं. तेवढं चालतं.

दट्ट्याला, म्हणजे दांड्याच्या बुडाशी बाहेरच्या पाइपाला घासत वर-खाली होणाऱ्या भागाला, रबर घ्यायचा का चामडं, ह्यावर माझं मत पक्कं आहे. चपलेच्या तळव्याचं रबर लावून बघितलं. एक तर पाइपात अडकतं, नाहीतर बाजूनं पाणी सोडतं. मागाच्या धोट्याला तडाखा देणाऱ्या दांडीचा चामडी पट्टा असतो ना, त्याचे जुने रुंद तुकडे माझ्याकडं पडून होते. तुमच्याकडं नसतील तर चांभाराकडनं जाड चामडं घ्या. बाहेरच्या पाइपात हलकेच सरकेल एवढ्या दोन चकत्या कापा, मध्ये 1 इंची आट्याच्या मापाचं भोक. रात्रभर पाण्यात, मग पुसून करडीच्या तेलात तासभर. चामडं ओलं झालं की फुगतं आणि पाइपाच्या भिंतीला स्वतःच लागतं. दोन्ही चकत्या एम.टी.ए.च्या आट्यावर चढवा, गोटी आत सोडा आणि खालनं सॉकेट घट्ट फिरवा. चकत्या मध्ये चिमटल्या गेल्या पाहिजेत.

बाहेरच्या पाइपाच्या तोंडाला भोक पाडलेली एंड कॅप घाला म्हणजे दांडा मधोमध राहतो. दांड्याच्या वरच्या टोकाला टी लावा. टीचा एक हात बुच मारून बंद, दुसऱ्याला 1 इंची नळी. दोन्ही हात धरायला होतात. नळीचा जोड क्लॅम्पनं आवळा, वरनं सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा.

चालतं कसं ते एकदा समजून घ्या, म्हणजे बिघडला तर कुठं बघायचं ते कळेल. दांडा वर ओढला की गोटी बसते आणि फूटव्हॉल्व्हमधनं पाणी आत येतं. खाली दाबला की फूटव्हॉल्व्ह मिटतो, गोटी उचलते, पाणी दांड्यातनं वर चढतं. म्हणजे पाणी येतं ते दाबताना. ओढताना जड लागलं तर जाळी तुंबली असं समजा; दाबताना हलकं लागलं आणि पाणी आलं नाही तर चामडं सोडतंय. बूड पाण्यातच असल्यामुळं आधी पाणी भरून घ्यायची भानगड नाही. माझी 15 लिटरची बादली 28 दाबांत भरली.

आता हिशेब करा. सव्वादोन हजार लिटरला चार हजारांवर दाब. माझे खांदे एवढे तरुण नाहीत आणि लागतही नाहीत. नळीचं दुसरं टोक टाक्यातल्या पाण्यापेक्षा खाली ठेवा. आमच्याकडं नारळाचं आळं तेवढं खोल आहे. नळी भरेपर्यंत वीस-पंचवीस वेळा दाबा आणि हात सोडून द्या. दोन्ही व्हॉल्व्ह पाण्याच्या वाटेनंच उघडतात, त्यामुळं पाणी आपलं आपण वाहत राहतं. नातू पंपाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होता. सुरुवातीला दीड मिनिटाला बादली भरत होती. टाक्यातली पातळी उतरेल तशी धार मंदावते, त्याला इलाज नाही. धार तुटक झाली, बुडबुडे आले, तर वरचा कुठलातरी जोड हवा खातोय. तिथं ओल्या मातीचा लेप लावून बघा, धार सुधारली की चोर सापडला.

सकाळी साडेसहाला लावलं, साडेदहापर्यंत दीड फुटाहून जास्त उतरलं. त्या वेळात मी नुसती नळी नारळावरनं शेवग्याला आणि शेवग्यावरनं मोगऱ्याला फिरवली. चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हे पाणी गटारीत सोडायचं म्हणजे पाप, आणि माशांचं पाणी झाडांना खतासारखं असतं. पातळी आळ्याच्या बरोबरीला आली की धार आपोआप थांबते. पुढचं तेवढं हातानं. जावईबापू, मी आणि नातू पन्नास-पन्नास दाबांच्या पाळीनं. शेवटची चार बोटं पंपाला येत नाहीत. ती सुपलीनं बादलीत.

मासे आधी काढून घ्या, टाक्यातल्याच पाण्यात, सावलीत, वर जाळी टाकून. परत भरताना नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच मासे सोडा, क्लोरीन उडून जाऊ दे. आणि रिकामं सिमेंटचं टाकं मे महिन्याच्या उन्हात कोरडं सोडू नका. गवंडी येईपर्यंत आम्ही आत ओली गोणपाटं अंथरली होती, नाहीतर एका तड्याचे चार झाले असते.

काम झाल्यावर पंप धुऊन आतला दांडा बाहेर काढायचा आणि चामड्याला परत तेल लावायचं. मी तेल लावून दांडा माळ्यावर टाकला होता. आठ दिवसांनी बघितलं तर उंदरांनी वरची चकती निम्मी खाल्लेली. मागाच्या शेडमध्ये पट्टे कुरतडलेले आयुष्यभर बघितले, तरी डोक्यात आलं नाही. आता दांडा लेकीच्या न्हाणीघरात खुंटीला टांगलेला असतो, चामड्याच्या टोकावर पत्र्याचा डबा उपडा घालून.