स्तनांचे इम्प्लांट बसवलेत? मग पुढचं हे बघा

पहिलं काम, ते कार्ड शोधा. ऑपरेशननंतर देतात ना, कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर असलेलं, त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, कारण २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट परत मागवले तसं पुन्हा झालं तर कार्डाशिवाय पंचाईत. (त्यातले असले तरी त्रास नसेल तर काढायची घाई नको, असं अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए सांगते.)

सलाइनचा (मिठाचं पाणी भरलेला) इम्प्लांट फुटला की छाती बसते, लगेच कळतं. सिलिकॉनचा मात्र गुपचूप फुटतो, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, म्हणून ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर २-३ वर्षांनी. एक बाजू कडक झाली, दुखायला लागली किंवा खूप वर्षांनी अचानक सुजली तर अंगावर काढू नका, सूज असेल तर इम्प्लांटभोवती साठलेलं पाणी तपासायला पाठवतात. मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रेला) गेलात की इम्प्लांट आहेत हे आधीच सांगा, फोटो वेगळ्या पद्धतीने घेतात.

१० वर्षं झाली म्हणून बदलायलाच हवेत असं नाही, पण जन्मभर टिकतात हेही खोटं. काढायचे असतील तर सर्जनला सरळ विचारा, इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेलं आवरण काढणार की ठेवणार, आणि नंतर कातडी सैल पडली तर काय.