हिडन फीचर अनलॉक करताय? मग या चुका टाळा

डिव्हाइसमधलं लपवलेलं फीचर चालू कसं करायचं ते सगळे शोधतात, पण कंपनी त्यावर काय करेल हे कोणीच बघत नाही आणि खरी वाट तिथेच लागते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एक कंपनी गप्प बसली म्हणून दुसरीही गप्प बसेल असं धरून चालणं. रिगोल कंपनीने डीएस १०५४ झेड ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) ५० मेगाहर्ट्झचा म्हणून विकला, लोकांनी अनलॉक कोड टाकून १०० चा करून घेतला, कोणाला काही झालं नाही. कॅननच्या कॅमेऱ्यात जास्तीची फीचर्स उघडणारं सीएचडीके हे बाहेरचं सॉफ्टवेअर तर मेमरी कार्डवरूनच चालतं, काढून टाकलं की कॅमेरा होता तसा. हे बघून माणूस बिनधास्त होतो आणि मग सॅमसंगच्या फोनला हात घालतो. तिथे आत नॉक्स या सिक्युरिटी सिस्टीमचा फ्यूज असतो, बाहेरचं सॉफ्टवेअर फोनमध्ये टाकलं (फ्लॅश केलं) की तो उडतो, डाउनलोड मोड या सॉफ्टवेअर टाकायच्या स्क्रीनवर वॉरंटीच्या ओळीत ० चा १ झालेला दिसतो आणि नंतर ओरिजिनल सॉफ्टवेअर टाका नाहीतर काहीही करा, तो १ जात नाही. सॅमसंग पे, सिक्युअर फोल्डर कायमचं विसरा.

दुसरं, अपडेट डोळे मिटून घेऊ नका. पीएस ३ या गेम कन्सोलवर लिनक्स ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची सोय सोनीनेच दिली होती, पण हॅकिंग सुरू झाल्यावर एप्रिल २०१० च्या ३.२१ अपडेटमध्ये ती सरळ काढून टाकली, म्हणजे ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचीही गेली! अपडेट नको म्हणाल तर ऑनलाइन खेळणं बंद.

आणि फीचर गेलं म्हणून लगेच जुनं व्हर्जन टाकायला जाऊ नका, हे मी केलंय. जुनं व्हर्जन टाकू न देणारा अँटी-रोलबॅक नावाचा प्रकार माहीतच नव्हता, फोन जो काळा पडला तो पडलाच, बटण दाबून साधा व्हायब्रेटही होईना. शाओमीचा फोन असेल तर आधी फास्टबूटमध्ये (फोन कॉम्प्युटरला जोडून कमांड द्यायचा मोड) अँटी-रोलबॅकचा आकडा बघा, टाकायच्या रॉमचा (फोनच्या सॉफ्टवेअरचा) आकडा त्यापेक्षा कमी असेल तर हात लावू नका.

सेकंडहँड निन्टेंडो स्विच हा गेम कन्सोल घेताना तर पैसे द्यायच्या आधी ऑनलाइन जाऊन बघाच, कारण आधीच्या मालकाने हॅक केला असेल तर निन्टेंडो कन्सोललाच ऑनलाइन सेवेतून बॅन करते, रीसेट मारून तो बॅन निघत नाही.