मालवणला डाइव्हला निघताय? बडी सोलापुरातच ठरवा

स्कूबा डाइव्हमध्ये कोण कोणाचा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, हे गाडीत सामान भरण्याआधी ठरलेलं असावं. बोटीवर गेल्यावर बघू म्हटलं, की एकट्या उरलेल्याची जोडी जो मोकळा असेल त्याच्याशी लावून दिली जाते. ट्राय डाइव्हला, म्हणजे न शिकलेल्यांच्या पहिल्या डाइव्हला, हा प्रश्नच येत नाही, तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरूनच खाली नेतो. ही यादी ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालेल्यांसाठी, म्हणजे जोडीने 18 मीटरपर्यंत जाणाऱ्यांसाठी आहे.

बडी निवडताना तीन गोष्टी सरळ विचारा: शेवटची डाइव्ह कधी झाली, कान किंवा दम्याचा काही त्रास आहे का, आणि हवा किती लागते. पहिल्याचं उत्तर ‘झालं की दीड-दोन वर्षं’ असं आलं, तर आधी प्रशिक्षकाबरोबर रिफ्रेशर, म्हणजे उजळणीची डाइव्ह, करायला लावा. दुसऱ्यात ‘तसं काही विशेष नाही’ हे उत्तर धरू नका. शंका असेल तर डॉक्टरांचा कागद हवा. तिसऱ्याचं गणित मांडून बघा. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार (बार म्हणजे दाबाचं माप) हवा भरली आणि 50 बार राखून ठेवली, तर वापरायला 1800 लिटर उरते. 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणून वरती मिनिटाला 15 लिटर लागणाऱ्याला तिथे 30 लागतात आणि तो तासभर टिकतो. 25 लिटरवाल्याचं 36 मिनिटांत आटोपतं. अशी जोडी चालते, पण डाइव्ह 36 मिनिटांचीच, हे दुसऱ्याला आधीच मान्य हवं. नाहीतर वर आल्यावर तोंड फुगतं.

नात्यातला बडी घेताना जरा विचार करा. दाजींना ‘तुम्ही फार पुढे जाताय’ म्हणायची चोरी, आणि नवरा-बायकोत घरातलं भांडण पाण्यापर्यंत येतं. कॅमेरावाला बडी तर बहुतेक वेळा माशाचा बडी असतो. कोणीही, कधीही, कारण न सांगता डाइव्ह रद्द करू शकतो आणि त्यावर नंतर टोमणा मारायचा नाही, हे ज्याला पटतं तो माणूस निवडा. पोहण्यात तो तुमच्यापेक्षा कच्चा असला तरी चालेल.

निघण्याच्या आठवडाभर आधी दोघं मिळून जलतरण तलावावर जा. न थांबता 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं जमतंय का बघा. खुणांची उजळणीही तिथेच करा. आपल्याकडे ‘मस्त’ म्हणून अंगठा दाखवायची सवय असते. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. पंजा डावी-उजवीकडे हलवला तर काहीतरी बिघडलंय, मूठ छातीशी म्हणजे हवा कमी, गळ्यावरून आडवा हात म्हणजे हवा संपली. 100 बारला एकमेकांना सांगायचं आणि परत फिरायचं, हेही ठरवून टाका.

बोटीवर बडी चेक एकमेकांच्या सामानाला हात लावून करायचा, नुसतं ‘झालं ना?’ विचारून नाही. तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरून सोडून बघा. वजनाचा पट्टा कोणत्या हाताने सुटतो आणि कुठलं बकल कसं उघडतं ते बघून घ्या. ऑक्टोपस, म्हणजे संकटात तुम्हाला मिळणारा दुसरा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन), कुठे अडकवलाय ते डोळे मिटून सापडलं पाहिजे. मग रेग्युलेटर तोंडात धरून हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत तीन-चार श्वास घ्या. काटा स्थिर राहिला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर तो अर्धवटच उघडलाय. बोटीवर श्वास नीट येतो, पण खोल गेल्यावर हवा ओढूनही पुरत नाही. काटा पडला तो पडलाच, तर व्हॉल्व्ह बंद आहे आणि तुम्ही नळीत उरलेली हवा घेत होतात.

खाली असताना अंतर दोन मीटरच्या आत ठेवा, पाणी गढूळ असेल तर हात पुरेल इतकंच. बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, मग सावकाश वर यायचं. दोघांनी हेच केलं तर भेट पृष्ठभागावर होते. एकजण खालीच शोधत बसला, की वरचा त्याच्यासाठी पुन्हा खाली उतरतो, आणि खरा घोळ तिथे होतो. डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं यंत्र, प्रत्येकाचा वेगळा हवा. जो आधी वर यायला सांगेल त्याचं ऐकायचं. शेवटी 5 मीटरवर 3 मिनिटं थांबणं दोघांचं एकत्रच.

बोटीसाठी पोट हलकं ठेवा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी परतीच्या प्रवासाला. टॉवेल मात्र घरचाच न्या, सोलापूरकराने मालवणात टॉवेल विकत घेणं बरं दिसत नाही.

परतीची वेळही आत्ताच ठरवा. परतीच्या वाटेवरचं आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे, आणि डाइव्हनंतर 600 मीटरच्या वर जायचं तर विमानात बसण्याआधी थांबायचा असतो तोच नियम धरावा: एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास, अनेक डाइव्ह असतील तर 18. म्हणजे रविवारी सकाळी दहाला दुसरी डाइव्ह आटोपली, तर घाट सोमवारी पहाटे चारच्या आधी चढायचा नाही. सोमवारी ज्याची ड्यूटी आहे त्याने शुक्रवारची रजा टाकावी आणि शनिवारीच डाइव्ह संपवाव्यात.