घर गरगर फिरायला लागलं तर काय करायचं

सकाळी कुशीवर वळले आणि पंखा, कपाट, देव्हारा सगळं एकदमच गरगरायला लागलं, आत्ती म्हणाली पित्त खवळलंय, आल्याचा रस घे, आणि मी पण येड्यासारखी दोन दिवस तेच घेत पडून राहिले. पित्त नव्हतंच ते, कानातले खडे सरकलेले.

तर पहिलं हे बघा, डोळ्यांपुढं अंधारी येतीय का खोली फिरतीय. उठताना अंधारी येत असेल तर बीपी, हिमोग्लोबिन, साखर तपासा. कूस बदलताना किंवा माळ्यावरचा डबा काढताना मिनिटभरच फिरत असेल तर बहुतेक बीपीपीव्ही, म्हणजे हीच कानातले खडे सरकल्याची चक्कर. कानात आत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, ते जागा सोडून नळीत शिरले की डोकं थांबलं तरी मेंदूला वाटतं आपण अजून फिरतोय. पण बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय, हातपाय लुळा पडलाय, एकाचे दोन दिसतायत, असलं काही असेल तर पुढचं वाचू नका, 108 लावा आणि कोल्हापुरात असाल तर थेट सीपीआर, म्हणजे आमचं मोठं सरकारी हॉस्पिटल, नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

खड्यांवर गोळीपेक्षा एप्ली मॅन्युव्हर भारी, म्हणजे डोकं ठरावीक क्रमानं वळवून खडे जागेवर न्यायचे. कुठला कान बिघडलाय ते आधी कानाच्या डॉक्टरकडून बघून घ्या, पहिल्यांदा त्यांच्याकडूनच करून घ्या. उजवा कान असेल तर पलंगावर पाय लांब करून बसायचं, मान उजवीकडं 45 अंश वळवायची, तशीच ठेवून पटकन उताणं पडायचं, खांद्याखाली उशी म्हणजे डोकं जरा मागं लोंबतं. भिंगरी लागते, लागू दे, डोळे उघडे ठेवा. अर्धा-एक मिनिट थांबून मान डावीकडं 90 अंश, परत तेवढंच थांबा, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडं, थांबा, आणि हळूच पाय खाली सोडून उठून बसा. मानेचं दुखणं असेल तर एकट्यानं हा नाद करू नका.

खडे जागेवर गेले तरी मला पंधरा दिवस गादीवर चालल्यासारखं वाटत होतं. इथंच माणूस चुकतं, भीतीनं मान ताठ धरून बसतं आणि चक्कर दाबायच्या गोळ्या महिनोन् महिने खात राहतं, त्यानं उलट मेंदू शिकायचाच थांबतो. तोल कान, डोळे आणि तळपाय मिळून सांभाळतात, म्हणून तिघांना कामाला लावायचं. अंगठा समोर धरून नजर त्यावर ठेवा आणि मान डावी-उजवी हलवा, आधी बसून, जमलं की उभं राहून. थोडं गरगरलं तर चालतंय.

मग रंकाळ्यावर, आमच्या कोल्हापूरच्या तलावाकाठी, चालायला. संध्याकाळी भेळेच्या गाड्यांच्या गर्दीत नको, सकाळी जावा, कुणाला तरी बरोबर घेऊन. गुळगुळीत तळव्याची चप्पल सध्या घरी ठेवा, कोल्हापुरी असली तरी! रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा, अंधारात डोळ्यांची मदत जाते.

गाडी मात्र महिनाभर लावूनच ठेवली मी. मागं वळून बघितल्यावर काहीच फिरत नाही असं आठवडाभर झालं, तेव्हा कुठं राजारामपुरीपर्यंत काढली.