स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यूचा फॉर्म आहे, इंटरव्ह्यू मात्र गप्पांचा: एचआरमधल्या या चुका टाळा

स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यू म्हणजे सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेल्या कसोटीवर गुण. आपल्याकडे त्याचा फॉर्म असतो: प्रश्न छापलेले असतात, प्रत्येकापुढे १ ते ५ गुणांचा रकाना असतो. उमेदवार येऊन बसतो. पॅनेलमधले वरिष्ठ बायोडेटा चाळत विचारतात, "आधीची नोकरी का सोडलीत?" तिथून गप्पा रंगतात. तो बाहेर पडल्यावर कुणीतरी म्हणतं, "बरा वाटला." मग त्या 'बरा'ला जुळतील असे आकडे रकान्यांत भरले जातात. मीही असे फॉर्म भरले आहेत, त्यामुळे इतरांना हसायची सोय नाही.

संशोधनातलं नाव आपण उचलतो आणि ते ज्या अटींवर उभं असतं, त्या वाटेत सांडतात. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांचं गणित नव्याने मांडलं. स्ट्रक्चर्ड मुलाखत आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.४२ निघाला, गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. आणि जाहिरातीत आपण ज्यावर अडून बसतो, त्या अनुभवाच्या वर्षांचा? ०.०७.

तुमच्याकडे नेमकं काय बिघडलंय ते जुने फॉर्म काढले की कळतं. पॅनेलमधल्या तिघांनी दिलेले गुण दरवेळी तंतोतंत सारखे असतील, तर ते चर्चेनंतर भरलेत. सगळेच उमेदवार ३ आणि ४ मध्ये अडकले असतील, तर ५ म्हणजे काय हे कुणी ठरवलेलंच नाही. ते आधी लिहून काढा. समजा, चिडलेल्या ग्राहकाचा प्रसंग विचारलाय. "मी शांतपणे हाताळतो" एवढंच उत्तर आलं तर १. काय घडलं, स्वतः काय केलं, शेवट काय झाला हे तिन्ही सांगितलं तर ५. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा आणि चर्चेत तोंड उघडण्याआधी पॅनेलमधल्या प्रत्येकाने आपले गुण लिहून टाकायचे. वरिष्ठांनी सर्वांत शेवटी बोलायचं. हे शेवटचं जमवणं सगळ्यात अवघड, हे मान्य.

व्यक्तिमत्त्वाचे 'टाइप' सांगणाऱ्या चाचण्यांवरून भरती करत असाल तर थांबा. मायर्स-ब्रिग्ज चाचणी विकणारी कंपनीच सांगते की ती निवडीसाठी वापरू नका.

अप्रायझलमध्ये आणखी एक समज पक्का बसलाय: फीडबॅक जितका जास्त तितकं चांगलं. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये ६०७ परिणाम एकत्र तपासले. सरासरीने कामगिरी सुधारली होती, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर ती घसरली. त्यांच्या मांडणीनुसार लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळलं की हे होतं. "तुम्ही जरा प्रोॲक्टिव्ह व्हा" हे ऐकणारा माणूस रात्रभर स्वतःबद्दल विचार करतो, अहवालाबद्दल नाही. "अहवालात मागच्या महिन्याचे आकडे राहिले होते. पुढच्या वेळी पाठवण्याआधी तारीख बघा" असं म्हटलं तर त्याला उद्या काय करायचं ते कळतं.

रेटिंगचा भरवसाही जपून धरा. स्कलन, माउंट आणि गॉफ यांच्या २००० सालच्या अभ्यासात गुणांमधल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या धाटणीमुळे आला होता. म्हणून बोनसची यादी लावण्याआधी प्रत्येक मॅनेजरची सरासरी शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाची ४.६ आणि दुसऱ्याची ३.१ असेल, तर तो फरक लोकांच्या कामातला आहे की हाताच्या सैलपणातला, हे आधी विचारा.

कधी उपाय लागू पडत असतो आणि आपणच तो बंद पाडतो. चुका मोकळेपणाने सांगा, असं जाहीर केलं की दोन महिन्यांत नोंदवलेल्या चुका वाढतात, आणि वरून आदेश येतो, "हे थांबवा." संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्येच जास्त चुका सापडल्या होत्या. त्यांचं स्पष्टीकरण असं, की तिथे लोक चुका लपवत नव्हते. नुसत्या नोंदींवर निकाल देऊ नका. कुणी न सांगता उघड होतील अशा गोष्टी, म्हणजे परत आलेला माल किंवा पुन्हा करावं लागलेलं काम, सोबत मोजा.

आणि सर्वेक्षण 'निनावी' आहे असं लिहून खाली विभाग, वय आणि नोकरीची वर्षं विचारू नका. पाच जणांच्या टीममध्ये तेवढ्यावर कुणीही ओळखू येतो, आणि हे उत्तर देणाऱ्याला एचआरच्या आधी कळतं. मग सगळीकडे ४ वर टिक येते.