शाळेच्या प्रदर्शनात बीबीसी मायक्रो दाखवायचाय? आदल्या रात्री पेन ड्राइव्ह असा भरा

जानेवारीत इकडे सोलापुरात गड्ड्याची यात्रा आणि शाळांची प्रदर्शनं बरोबरच येतात, आणि या वेळी माजी विद्यार्थ्यांच्या स्टॉलवर जुना कॉम्प्युटर चालवून दाखवायचं ठरलंय. 1984 साली केंद्र सरकारने शाळांसाठी क्लास नावाचा प्रकल्प काढला होता, त्यात बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर आला होता, एकॉर्न कंपनीचा, 32 केबी मेमरी, 2 मेगाहर्ट्झचा 6502 प्रोसेसर. खरं मशिन आणून मांडायचं म्हणजे हौसेपेक्षा कटकट जास्त, म्हणून एमुलेटर, म्हणजे आजच्या पीसीवर जुन्या मशिनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, आणि तोही पेन ड्राइव्हवरून, कारण लॅबच्या पीसीवर काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की ॲडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो ज्या सरांकडे असतो ते सर नेमके त्या दिवशी गड्ड्याला गेलेले असतात. तेव्हा समोरच्या मशिनकडून आपल्याला काहीही मिळणार नाही असं धरून चाला, ना नेट, ना परवानगी, ना स्पीकर.

पेन ड्राइव्ह साधा 16 जीबीचा पुरे, त्यात 1.44 एमबीच्या फ्लॉप्या दहा हजारांवर मावतील, आणि बीबीसीची तर एक डिस्क 100 नाहीतर 200 केबीची, म्हणजे जागेची चिंताच सोडा. फक्त रस्त्यावर दोन टीबी म्हणून पाणीपुरीच्या भावात मिळतात ते घेऊ नका, आत तेवढी जागा नसते, फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते आणि उघडत नाही. फॉरमॅट एफएटी32 किंवा एक्सफॅट करा, कुठल्याही मशिनवर वाचता येतं. एनटीएफएसवर मॅक वाचतो पण लिहीत नाही, एखाद्या पालकाने मॅकबुक आणला तर अडेल. शॉर्टकट व्हायरस तर आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात फुकट मिळतो, त्यामुळे हा ड्राइव्ह फक्त या कामालाच ठेवा, प्रिंट काढायला दुसरा.

एमुलेटर बीबएम (BeebEm) घ्या, आणि इन्स्टॉलर नको, झिप घ्या, ती पेन ड्राइव्हवरच उघडा. आता इथे जरा सावकाश वाचा कारण गाडी इथेच अडते. बीबएम साधं डबल-क्लिक केलं की तो आपला डेटा त्या मशिनच्या डॉक्युमेंट्समध्ये फोल्डर करून ठेवायला बघतो, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज घरच्या पीसीवर राहतात आणि शाळेत गेल्यावर सगळं कोरं. त्यावर उपाय त्यातच दिलाय, चालू करताना डेटा नावाचा ऑप्शन द्यायचा आणि त्याच्यापुढे फक्त एक डॅश (-Data -), की तो स्वतःच्या शेजारचंच युजरडेटा फोल्डर वापरतो. हे दर वेळी कोण टाइप करणार, म्हणून एक बॅच फाइल, म्हणजे क्लिक केलं की आत लिहिलेली कमांड चालवणारी फाइल, करा, आणि त्यात ई कोलन, जी कोलन असलं काही लिहू नका, घरी ड्राइव्ह ई म्हणून दिसतो आणि शाळेत जी म्हणून. परसेंट, टिल्डे, डीपी, शून्य (%~dp0) एवढं लिहिलं की बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये पडलीय तोच पत्ता उचलते. पेन ड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप चालू होईल ही आशा सोडा, यूएसबीवरचं ऑटोरन विंडोज 7 पासून बंद आहे, बॅच फाइलला "इथे क्लिक करा" असं मराठीत नाव द्या, झालं.

मग कीबोर्ड. बीबीसीवर शिफ्ट दाबून 2 दाबला की डबल कोट यायचा, आपल्या कीबोर्डवर त्या जागी ॲट छापलेलं असतं. पोरगं आपलं नाव प्रिंट करायला बसलं की कोट शोधत बसणार, कोटाच्या बटणावर बोट ठेवलं की भलतंच उमटणार आणि मागून आवाज येणार, "काय करायलास बे, लवकर कर की!" म्हणून मेनूत जाऊन मॅपिंग लॉजिकल करा, म्हणजे जे छापलंय तेच येईल, आणि ही सेटिंग सेव्ह करायला विसरू नका. ब्रेक हे बटण एफ12 वर असतं, शिफ्ट धरून एफ12 दाबलं की डिस्क बूट होते. लॅपटॉप असेल तर एफ12 ला एफएन लागतं का ते घरीच बघा, आणि "शिफ्ट + एफ12" अशी चिठ्ठी स्क्रीनखाली चिकटवा, स्टॉलवर तुम्ही चहाला गेलात तरी काम अडत नाही.

डिस्क दोन करा, म्हणजे खऱ्या फ्लॉप्या नव्हे, एमुलेटर ज्यांना फ्लॉपी समजतो त्या फाइल. दाखवायच्या प्रोग्रामची एक, ती राइट-प्रोटेक्टच, म्हणजे तिच्यावर काही लिहिता येणार नाही अशीच राहू द्या, आणि पोरांना सेव्ह करायला एक कोरी, तिचं प्रोटेक्शन मेनूतून काढा. गेम कमी ठेवा असं माझं मत, गेम मोबाइलवर रोजच असतात. त्यापेक्षा मोड 7 मध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनमध्ये, बेसिक भाषेत ओळ 10 ला प्रिंट आणि पुढे नाव, ओळ 20 ला गोटू 10, स्क्रीन नावाने भरून वाहायला लागला की रांग लागते, थांबवायला एस्केप. मोठ्या मुलांना मोड 7 आणि मोड 0 (बारीक ठिपक्यांचा ग्राफिक्स स्क्रीन) मधला फरक दाखवा, मोड 7 चा स्क्रीन 1 केबीत भागतो, मोड 0 एकटा 20 केबी खातो, मग 32 मधून प्रोग्रामला काय उरलं ते त्यांनाच काढू द्या. मोड 7 ची अक्षरं ओळीत चाळीसच, प्रोजेक्टरवर मागच्या बाकावरूनही दिसतात.

बाकी पिशवीत छोटा वायरवाला स्पीकर, कारण चालू होतानाचा तो दोन सुरांचा बीप ऐकू आला नाही तर अर्धी मजा गेली, आणि लॅबच्या पीसीला स्पीकर सहसा नसतात. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर, एक्स्टेंशन बोर्ड, चार्ज केलेला एक लॅपटॉप, लाईट गेली तर. पुसायला फडकं पण घ्या, शेंगाचटणी-भाकरी खाऊन पोरं थेट कीबोर्डवर येतात.

आदल्या दिवशी हे सगळं दुसऱ्याच्या मशिनवर चालवून बघा, तुमच्या पीसीवर चाललं याला अर्थ नाही, तिथे सगळं आधीच बसलेलं असतं. शेजाऱ्याचा नाहीतर मेव्हण्याचा पीसी बघा, शक्यतो साध्या युजरच्या लॉगिनमध्ये, नेट काढून. विंडोजची निळी चौकट आडवी आली तर मोअर इन्फो, मग रन एनीवे. अँटीव्हायरसने फाइल उचलून नेली तर ते त्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, त्यासाठीच सगळं फोल्डर दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवरही टाकून तो वेगळ्या खिशात ठेवा.

संपल्यावर आधी एमुलेटर बंद, मग इजेक्ट, मगच ड्राइव्ह ओढा, नाहीतर पोरांनी सेव्ह केलेलं अर्धवट राहतं. त्या मशिनच्या डॉक्युमेंट्समध्ये बीबएमचं फोल्डर राहिलं असेल तर पुसा. घरी आल्यावर ड्राइव्ह स्कॅन करा आणि पोरांची डिस्क शाळेचं नाव आणि वर्ष टाकून कॉपी करून ठेवा, पुढच्या वर्षी तीच पोरं येऊन विचारतात आमचा प्रोग्राम कुठंय म्हणून.